विश्लेषण : जोतिबाचे खोबरे विमानात का चालत नाही? कोल्हापूरच्या प्रवाशांनी बॅग कशी भरावी?

जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबरे उधळायचे, अंबाबाईची ओटी भरायची, घरच्यांसाठी चटणी, गूळ आणि एखादी कोल्हापुरी चप्पल घ्यायची आणि परतीच्या वाटेला लागायचे, हा कोल्हापूरला येणाऱ्या भाविकाचा ठरलेला क्रम आहे. एसटीने किंवा रेल्वेने जाताना यातल्या कशालाच कोणी हरकत घेत नाही. विमानाने जाताना मात्र हीच पिशवी सुरक्षा तपासणीत अडते. खोबऱ्याच्या वाट्या बाजूला काढल्या जातात, चटणीचा डबा उघडायला सांगितला जातो आणि मागे रांग खोळंबते. प्रसादाला बंदी कशी, असा सवाल प्रवासी करतो आणि नियम आहे, असे उत्तर त्याला मिळते. हा नियम काय आहे, तो कशातून आला आणि घरूनच कशी तयारी केली तर तपासणी विनासायास पार पडते, याचा हा आढावा.

कोल्हापूरसाठी हा प्रश्न आता महत्त्वाचा का?

उजळाईवाडीचा विमानतळ नवा नाही. संस्थानकाळात, १९३९ मध्ये तो सुरू झाला आणि आज तो छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाने ओळखला जातो. पण नियमित प्रवासी सेवेच्या बाबतीत मधली अनेक वर्षे कोरडी गेली. २०१८ मध्ये केंद्राच्या ‘उडान’ योजनेतून सेवा पुन्हा सुरू झाली. १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे केले. मुंबई, बंगळुरू, हैदराबाद अशा शहरांशी थेट जोडणी झाल्यामुळे पूर्वी केवळ उद्योजक आणि अधिकारी ज्या विमानाने जात, त्याच विमानाने आता नोकरदार मुलांचे आईवडील, देवदर्शनाला आलेली कुटुंबे आणि खेळाडूही जातात. त्यातले अनेक जण पहिल्यांदाच विमानात बसत असतात. त्यांच्या बॅगेत लॅपटॉपपेक्षा डबेच जास्त असतात आणि तपासणीतले बहुतेक अडथळे या डब्यांपाशीच येतात.

तपासणीचे नियम कोण ठरवते?

देशातील सर्व विमानतळांवरील सुरक्षेचे नियम नागरी उड्डाण सुरक्षा विभाग म्हणजे ‘बीसीएएस’ ही केंद्रीय यंत्रणा ठरवते. प्रत्यक्ष तपासणी मोठ्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, तर काही लहान विमानतळांवर राज्याचे पोलीस करतात. वर्दी वेगळी असली, तरी नियम एकच असतात.

हे नियम एका दिवसात झालेले नाहीत, एकेका घटनेनंतर त्यांत भर पडत गेली. १० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान अपहरण करून लाहोरला नेण्यात आले. त्यानंतर पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये सुरक्षा विभागाची स्थापना झाली. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात स्फोट होऊन ३२९ जणांचा बळी गेला. बॉम्ब असलेल्या बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. या घटनेनंतर १ एप्रिल १९८७ पासून हा विभाग स्वतंत्र करण्यात आला. प्रवासी विमानात नसेल तर त्याची बॅगही उतरवली जाते, यामागे याच घटनेचा धडा आहे. डिसेंबर १९९९ मधील कंदाहार अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा औद्योगिक सुरक्षा दलाकडे देण्यास सुरुवात झाली. ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूर हा त्यातला पहिला विमानतळ ठरला.

तपासणी कर्मचारी प्रत्येक वस्तूला ढोबळमानाने तीन प्रश्न लावतो. ही वस्तू कुणाला इजा करण्यासाठी वापरता येईल का? ती पेट घेऊ शकते का? आणि तिच्या आत काय आहे ते यंत्राला दिसते का? घरी बॅग भरताना हेच तीन प्रश्न विचारले, तर बहुतेक वस्तूंचा निकाल घरीच लागतो.

सुक्या खोबऱ्याला बंदी कशासाठी?

खोबऱ्यावर तपासणीत संशय घेतला जातो, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. खोबरे अडते ते दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे आगीच्या धोक्यावर. सुक्या खोबऱ्यात साधारण ६० टक्क्यांहून अधिक तेल असते. हवेतील प्राणवायूशी या तेलाचा संयोग होताना उष्णता निर्माण होते. खोबरे दमट असेल, दाबून भरलेले असेल आणि उष्णता बाहेर पडायला वाव नसेल, तर ते आतल्या आत तापत जाते. ठिणगीशिवायही ते पेट घेऊ शकते. म्हणूनच धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत सुक्या खोबऱ्याला १३६३ हा क्रमांक आहे आणि त्याचा वर्ग ४.२, म्हणजे ‘आपोआप पेटू शकणारे पदार्थ’ असा आहे.

दोन वाट्यांनी विमान पेटणार आहे का, हा प्रश्न रास्त आहे. पण हे नियम माणसागणिक प्रमाण मोजून केलेले नाहीत. धोकादायक यादीतील काही वस्तू प्रवाशाला ठरावीक प्रमाणात नेता येतात आणि अशा सवलतींची वेगळी यादी आहे. अत्तराची बाटली, औषधांचे फवारे, मोबाइलची बॅटरी त्या यादीत आहेत, सुके खोबरे नाही. म्हणून ते हँडबॅगेतही चालत नाही आणि चेक-इन बॅगेतही. सामानाच्या कक्षात ठेवलेल्या बॅगेपर्यंत उड्डाणादरम्यान कोणी पोहोचू शकत नाही, हे लक्षात घेतले तर चेक-इनमधील बंदीचे कारणही कळते. ‘हँडबॅगेत नको तर मोठ्या बॅगेत टाकतो’ ही नेहमीची युक्ती इथे लागू पडत नाही, हे भाविकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे. खोबऱ्याचे काप किंवा कीस असेल तर चालेल, या भरवशावरही राहू नये.

त्यामुळे जोतिबाचे खोबरे लांबच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचवायचे असेल, तर ते रस्त्याने किंवा रेल्वेने जाणाऱ्याकडे देणे हा सरळ मार्ग आहे. विमानाने जाणाऱ्याने प्रसाद म्हणून पेढे किंवा कोरडे लाडू घ्यावेत. घट्ट, कोरडी मिठाई हँडबॅगेतही नेता येते.

ओटीचा नारळ, गुलाल आणि कापूर यांचे काय?

पाण्याचा नारळ आणि सुके खोबरे यांत तपासणीच्या दृष्टीने मोठा फरक आहे. ओला, अख्खा नारळ पेट घेणारा नाही, पण तो कठीण आणि जड असतो. त्यातल्या पाण्याच्या जागी दुसरे काही भरलेले नाही, हेही बाहेरून सांगता येत नाही. म्हणून तो हँडबॅगेत चालत नाही. चेक-इन बॅगेत मात्र तो सहसा नेता येतो. कपड्यांच्या मधोमध, जाड पिशवीत गुंडाळून ठेवला तर तो फुटत नाही आणि फुटला तरी साडी-खण भिजत नाहीत.

या नियमाला अपवाद झाल्याचे उदाहरणही आहे. शबरीमलाच्या यात्रेकरूंची इरुमुडी, म्हणजे डोक्यावरची पवित्र गाठोडी, त्यांच्यापासून वेगळी करता येत नाही. ही अडचण लक्षात घेऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना नारळ हँडबॅगेत नेण्याची परवानगी देण्यात आली. ती २० जानेवारी २०२५ पर्यंत होती. त्यासाठी क्ष-किरण तपासणी, स्फोटकांचे अंश शोधणाऱ्या यंत्राची तपासणी आणि हाताने तपासणी अशा तीनही कसोट्या होत्या. ही सवलत त्या यात्रेपुरती आणि त्या मुदतीपुरती होती. ‘तिकडे चालते, मग इथे का नाही,’ असा वाद तपासणीच्या रांगेत घालून उपयोग होत नाही.

पूजेच्या पिशवीतील कापूरही ज्वलनशील घन पदार्थांच्या वर्गात मोडतो, त्यामुळे तो घरीच ठेवावा. काडेपेटी आणि लायटर भारतात दोन्ही बॅगांत चालत नाहीत. गुलालाची पुडी हँडबॅगेत ठेवू नये. न्यायचीच असेल तर कंपनीकडे आधी चौकशी करावी आणि घट्ट बंद करून चेक-इनमध्ये टाकावी. कुंकवाची छोटी डबी सहसा अडत नाही. पिशवीत चंची असेल तर त्यातला अडकित्ता आठवणीने बाहेर काढावा, कारण तो धारदार हत्यारात गणला जातो. पान-सुपारीला कोणाची हरकत नसते.

चटणी, लोणचे, तूप आणि गूळ कोणत्या बॅगेत?

कोल्हापूरची कांदा-लसूण चटणी ही तपासणीतील नेहमीची पाहुणी. तिखटाची पूड डोळ्यांत फेकून माणसाला काही वेळ हतबल करता येते, म्हणून ती हँडबॅगेत चालत नाही. चेक-इन बॅगेत तिला अडचण नाही. हाच न्याय मिरचीच्या लोणच्याला आणि ठेच्याला. इतर लोणची कागदोपत्री चालत असली, तरी त्यातले तेल द्रवात मोजले जाऊ शकते. त्यामुळे चटणी, ठेचा, लोणचे या तिन्हींची जागा चेक-इन बॅगेतच समजावी.

तूप, मध, काकवी आणि दही हे सारे द्रव किंवा घट्ट द्रव या गटात येतात. ऑगस्ट २००६ मध्ये शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटके नेऊन लंडनहून अमेरिकेला जाणारी विमाने उडवण्याचा कट उघडकीस आला. त्यानंतर जगभर प्रत्येकी १०० मिलिलिटरची मर्यादा आली. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत ती काटेकोरपणे पाळली जाते. बाटलीत किती द्रव उरला आहे याला महत्त्व नाही, बाटलीवर छापलेली क्षमता पाहिली जाते. देशांतर्गत प्रवासात पाण्याच्या बाटलीबाबत तितकी कडक भूमिका घेतली जात नाही, पण तुपाचा डबा त्याच मापाने सुटेल असे नाही. लहान बाळाचे दूध आणि रुग्णाचे औषध यांना सवलत आहे. इन्सुलिनसारखे औषध हँडबॅगेतच ठेवावे आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी.

गुळाची गोष्ट वेगळी आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे बाहेरगावच्या पाहुण्यांच्या हाती गुळाची ढेप देण्याची जुनी रीत आणखी पक्की झाली. गुळाला बंदी नाही, तरीही गूळ असलेली हँडबॅग हमखास उघडली जाते. त्याचे कारण यंत्रात आहे.

क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर काय दिसते?

सामान तपासणारे यंत्र कमी आणि जास्त ऊर्जेचे क्ष-किरण सोडते आणि वस्तूने ते किती शोषले यावरून तिला रंग देते. अन्न, कापड, कागद, प्लास्टिक असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात. पोलाद, तांबे असे धातू निळे दिसतात. मधल्या घनतेचे पदार्थ हिरवे दिसतात. ज्यातून किरण पार जातच नाहीत, तिथे काळपट डाग उमटतो.

अनेक स्फोटकेही सेंद्रिय आणि घट्ट असतात. त्यामुळे गुळाची ढेप पडद्यावर एक मोठा, घट्ट नारिंगी ठोकळा म्हणून दिसते. त्यावर मोबाइलची वायर आणि पॉवर बँक ठेवलेली असेल, तर समोर बसलेला कर्मचारी बॅग उघडायला सांगणारच. मोठी ढेप चेक-इनमध्ये टाकावी. हँडबॅगेत न्यायचीच तर लहान खडे वेगळ्या पारदर्शक पिशवीत, सर्वांत वर ठेवावेत. पुस्तकांचा गठ्ठा, साबणाच्या वड्या आणि मिठाईचे खोके यांनाही हेच लागू होते.

कधी कधी कर्मचारी कापडाची पट्टी बॅगेवरून फिरवून छोट्या यंत्रात घालतो. स्फोटकांचे अत्यल्प अंश शोधण्याची ही पद्धत आहे. काही खतांतील नायट्रेटमुळेही हे यंत्र इशारा देऊ शकते. शेतघरात खताच्या पोत्यांशेजारी पडलेली पिशवी झटकून प्रवासाला घेण्याऐवजी दुसरी स्वच्छ बॅग घ्यावी, एवढे शेतकरी कुटुंबांनी लक्षात ठेवले तर चौकशीचा वेळ वाचतो.

साज, पैंजण आणि चप्पल काढावी लागते का?

दागिन्यांबाबत सर्वांत मोठी चूक होते ती ते चेक-इन बॅगेत टाकण्याची. कोल्हापुरी साज, ठुशी, पाटल्या अशा मौल्यवान वस्तू अंगावर किंवा हँडबॅगेतच असाव्यात. धातुशोधक चौकटीतून जाताना सोन्या-चांदीमुळे आवाज येऊ शकतो. तेव्हा हातातल्या यंत्राने पुन्हा तपासणी होते, एवढेच. मंगळसूत्र आणि बांगड्या सहसा काढाव्या लागत नाहीत. महिलांची तपासणी पडद्याआड महिला कर्मचारीच करतात. हुपरीच्या चांदीच्या पैंजणांचे नमुने घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी बिल किंवा चलन हाताशी ठेवावे.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. पारंपरिक चप्पल चामड्याच्या वादीने शिवलेली असते, तिला खिळे नसतात. त्यामुळे ती चौकटीत वाजत नाही. तरीही तळ जाड असल्याने कर्मचारी ती ट्रेमध्ये ठेवायला सांगू शकतो. बुटांपेक्षा हे काम नक्कीच सोपे.

गुडघ्याची वाटी बदललेल्या ज्येष्ठांना चौकटीतून जाताना आवाज येणारच. घाबरून न जाता ते आधीच सांगावे आणि शस्त्रक्रियेचा कागद सोबत ठेवावा. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी चौकटीत शिरण्यापूर्वीच त्याची माहिती द्यावी, म्हणजे हाताने तपासणी करता येते.

कारखान्याचे नमुने, गदा आणि बंदूक?

विमानतळाला लागूनच गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आहे आणि पलीकडे शिरोली. फौंड्रीतून निघालेला कास्टिंगचा नमुना ग्राहकाला दाखवायला हँडबॅगेत टाकून निघणारे उद्योजक इथे नेहमीचे. ओतीव लोखंडाचा जाड तुकडा पडद्यावर काळा दिसतो आणि त्यामागे काय आहे ते कळत नाही. शिवाय जड वस्तूने मारता येते. पाना, स्क्रू ड्रायव्हर, ड्रिल ही हत्यारेही केबिनमध्ये चालत नाहीत. नमुने आणि हत्यारे चेक-इनमध्ये टाकावीत. यंत्राचा भाग असेल तर त्यात तेल किंवा इंधन उरलेले नसावे.

कुस्तीत जिंकलेली गदा कितीही मानाची असली, तरी नियमाच्या भाषेत ती बोथट हत्यार आहे. ती सामानाच्या कक्षातूनच प्रवास करते. कोल्हापूर हे नेमबाजांचेही गाव. राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकल्यानंतर नेमबाजीकडे वळणारी मुले वाढत आहेत. रायफल किंवा पिस्तूल नेताना ते रिकामे असावे, परवाना सोबत असावा, काउंटरवर आधी घोषित करावे आणि दारूगोळा स्वतंत्र बांधावा, असा दंडक आहे. त्यासाठी नेहमीपेक्षा बराच आधी पोहोचावे लागते.

खरा धोका असतो तो विसरलेल्या काडतुसाचा. घरात परवान्याची बंदूक असते, बॅगेच्या कप्प्यात एखादे काडतूस राहून जाते आणि ते यंत्रात दिसते. अशा वेळी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच मांडले आहे आणि त्याच्या आधारे उच्च न्यायालयांनी असे अनेक गुन्हे रद्द केले आहेत. पण तोवर विमान सुटलेले असते आणि कोर्टाची पायरी चढावी लागलेली असते. शिकारीची किंवा शेतावरची जुनी बॅग प्रवासाला घेऊच नये.

पॉवर बँक चेक-इनमध्ये का नको?

पॉवर बँकेचा नियम खोबऱ्याच्या अगदी उलटा वाटतो. ती फक्त हँडबॅगेत चालते. लिथियम बॅटरी बिघडली तर ती स्वतःहून तापून पेटते. केबिनमध्ये धूर दिसला तर कर्मचारी लगेच धावू शकतात, सामानाच्या कक्षात ते शक्य नसते. १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी विनापरवानगी नेता येते, १०० ते १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते. बाजारात मिळणारी २० हजार एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे ती मर्यादेत बसते. क्षमता छापलेली नसेल किंवा अक्षरे पुसली असतील तर ती अडवली जाऊ शकते. विमानात तिचा वापर करण्यास अनेक कंपन्यांनी मनाई केली आहे. म्हणून ती डोक्यावरच्या कप्प्यात न टाकता जवळच ठेवावी.

‘तेवढं आमच्या पोराला द्या की’

विमानाने कोणी बंगळुरूला निघाले की शेजारीपाजारी डबा, पाकीट किंवा औषधाची पुडी घेऊन येतात. कोल्हापुरात याला नाही म्हणणे अवघड. पण काउंटरवर ‘बॅग तुम्हीच भरली का,’ असे विचारले जाते ते याचसाठी. बॅगेत जे सापडेल त्याची जबाबदारी बॅग नेणाऱ्याची असते. शेजाऱ्याचा डबा न्यायचाच असेल तर तो समोर उघडून पाहावा आणि आपल्या हाताने बॅगेत ठेवावा. शिवून किंवा चिकटपट्टी लावून आणलेले पार्सल नम्रपणे परत करावे. यात अविश्वास नाही, हे देणाऱ्यालाही समजावून सांगता येते.

दुसरी सवय विनोदाची. ‘काय बॉम्ब हाय काय पिशवीत?’ हे वाक्य कट्ट्यावर हशा पिकवते, तपासणीच्या रांगेत मात्र चौकशी सुरू करते. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातील विमानांना शेकडो खोट्या धमक्या आल्या. त्यानंतर डिसेंबरमध्ये २०२३ च्या विमान सुरक्षा नियमांत दुरुस्ती होऊन खोटी माहिती पसरवण्याविरुद्धच्या तरतुदी कडक झाल्या. कर्मचाऱ्याला विनोद कळत नाही असे नाही, पण तो हसून सोडून देण्याचा अधिकार त्याला नसतो.

वस्तू अडवली तर काय करता येते?

तपासणीत वस्तू अडली तर साधारण तीन मार्ग उरतात. वेळ असेल आणि कंपनी तयार असेल, तर काउंटरवर परत जाऊन ती चेक-इनमध्ये देता येते. सोडायला आलेले नातेवाईक बाहेर थांबले असतील तर त्यांच्याकडे देता येते. नाहीतर ती तिथेच सोडावी लागते आणि नंतर परत मिळत नाही. म्हणून सोडायला आलेल्यांना ‘तपासणी झाली की फोन करतो, तोवर थांबा’ असे सांगून ठेवणे हा सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी उपाय. आजीने दिलेला तुपाचा डबा असा अनेकदा घरी परत जातो, कचऱ्यात जात नाही.

वेळेचे गणितही याच्याशी जोडलेले आहे. देशांतर्गत उड्डाणाचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होते. विमानतळ लहान आहे, रांग नसते, म्हणून शेवटच्या क्षणी पोहोचणाऱ्याला काउंटरवर परतण्याची संधीच उरत नाही. स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन किंवा विशेष सतर्कतेच्या काळात विमानाच्या शिडीपाशी दुसऱ्यांदा तपासणी होते, तेव्हा आणखी वेळ लागतो. दीड-दोन तास आधी पोहोचणे हिताचे.

आणखी एक. कोल्हापूरहून जाणाऱ्या काही मार्गांवर लहान विमाने असतात आणि त्यांचे डोक्यावरचे कप्पेही लहान असतात. हँडबॅग एकच आणि साधारण सात किलोची, ही मर्यादा इथे गांभीर्याने घ्यावी. ऐनवेळी हँडबॅग खालच्या कक्षात द्यावी लागली, तर त्यातली पॉवर बँक, औषधे आणि दागिने आधी काढून घ्यावेत.

पुढे परदेशी जाणाऱ्यांनी काय पाहावे?

मुंबई, बंगळुरू किंवा हैदराबादहून पुढे परदेशी जाणाऱ्यांना दोनदा तपासणीला सामोरे जावे लागते. कोल्हापुरात चाललेली पाण्याची बाटली दुसऱ्या तपासणीत अडते. अमेरिकेला जाताना ३५० मिलिलिटरहून अधिक पूड हँडबॅगेत असेल तर २०१८ पासून जादा तपासणी होते, म्हणून मेतकूट, सत्त्व, पिठे मोठ्या बॅगेत ठेवावीत. विमानतळ सुरक्षा आणि त्या देशाची सीमाशुल्क तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही विसरू नये. ऑस्ट्रेलियासारख्या देशात खाद्यपदार्थ असल्याचे अर्जात लिहावे लागते. लिहिले तर फार तर पदार्थ काढून घेतला जातो, लपवला तर दंड होतो.

निघण्याच्या आदल्या रात्री काय करावे?

दोन्ही बॅगा रिकाम्या करून त्यांचे सर्व कप्पे उलटे झटकावेत. विसरलेली कात्री, काडेपेटी, काडतूस इथेच सापडते. मग चटणी, लोणचे, तूप, नारळ, गुळाची ढेप आणि हत्यारे मोठ्या बॅगेत ठेवावीत. औषधे, दागिने, कागदपत्रे, लॅपटॉप आणि पॉवर बँक हँडबॅगेत, तीही वरच्या कप्प्यात, म्हणजे ट्रेमध्ये पटकन काढता येतात. ओळखपत्र मूळ किंवा अधिकृत ॲपमध्ये असावे, मोबाइलमधील फोटोवर विसंबू नये. पट्टा, घड्याळ, पाकीट, सुटे पैसे रांगेत उभे असतानाच बॅगेत टाकावेत. ज्येष्ठांना विमानतळावर काय होईल हे घरीच सांगून ठेवावे. पहिल्यांदा जाणाऱ्याला हात वर करून उभे राहायला सांगितले की अपमान वाटतो. तसेच सगळ्यांना उभे राहावे लागते हे आधी ठाऊक असेल, तर तो वाटत नाही.

आणि खोबऱ्याच्या वाट्या? त्या देवघरापुढे ठेवून यावे किंवा रस्त्याने येणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्याव्यात. दोन दिवस उशिरा पोहोचतील, पण पोहोचतील.